चौथ्या चाकाचा शेंदूर

अहो, बेगम पास झाली.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण दुसरं काही बोलायला लागले असते तर तुम्ही मधेच हात वर करून म्हणाला असतात, ते ऱ्हाऊ दे, गाडीचं काय झालं ते सांग. तर पास झाली. पहिल्याच फेरीत. साहेबांनी हॉर्न वाजवून बघितला, ब्रेक दाबायला लावला, चारी चाकांवरून हात फिरवला आणि कागदावर सही केली. तुमच्या दोस्तानं, दगडूबानं गाडी नेली होती, मी शेजारी बसले होते, माझ्या नेहमीच्या जागेवर.

तुम्ही गेल्याला आज सतरावा दिवस. जलदानाचा कार्यक्रम झाला, मंडप निघाला, उसन्या आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. घरात मी, भिंतीवर तुमचा फोटो आणि दारात गाडी, असे आपण तिघं उरलो. फोटोत तुम्ही इतके गंभीर दिसता की मला ओळख पटत नाही. फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितलं असणार आणि तुम्ही जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं असणार.

जो भेटला तो म्हणाला, बाई, गाडी विकून टाका. मी सगळ्यांना एकच सांगितलं, आधी पास करते, बिनपासिंगची विकली तर भंगाराच्या भावात जाईल. लोकांना पटलं. मास्तरीणबाई हिशोबाच्या पक्क्या आहेत म्हणाले. खरं कारण तुम्हाला सांगते. दर साली दसऱ्याच्या मागंपुढं परभणीत आरटीओच्या साहेबांचा पासिंगचा कॅम्प लागतो, आणि दर साली त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून, मिशीला तेल लावून, बेगमला त्या मैदानावरच्या लिंबाखाली उभी करता. यंदा त्या लिंबाखाली ती नसती तर मला सोसलं नसतं. बस, एवढंच.

बेगम हे नाव महेबूब मिस्त्रीनं ठेवलं. मी तर तिला म्हातारी म्हणायचे आणि तुम्हाला राग यायचा. निजामाच्या राज्यातली काळी विलायती मोटार, जिनिंगवाल्या शेठची. बारा वर्षं तुम्ही तिच्यावर ड्रायव्हर होता. शेठ मागं बसायचे आणि तुम्ही पुढं टोपी घालून. शेठनं नवी घेतली तेव्हा ही जुनी तुम्ही मागून घेतली, टॅक्सीचं परमिट काढलं, आणि पहिलं काम काय केलं तर ती टोपी नळावर भांडी घासायला दिली. मग काचेपाशी बुद्धाचं छोटं चित्र लावलं आणि मला म्हणालात, बस. मी मागचं दार उघडायला लागले तर तुम्ही हात धरून पुढं आणलंत. त्या दिवशी आपण स्टेशनाला वळसा घालून, बाजारातून, कचेरीवरून, जिथं जिथं ओळखीची माणसं उभी असतील तिथून फिरलो. पेट्रोल जाळायची एवढी हौस मी परत कुणाची बघितली नाही.

पण टॅक्सी म्हटली की दर साली पासिंग आलं, आणि पासिंग म्हटलं की खर्च आला. पहिल्या साली महेबूब मिस्त्रीनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं ते लवकर बाहेरच काढलं नाही. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाला, "गाडी में जान है भाबी, खाली पावां गए सो हैं." जीव आहे, फक्त पाय गेलेत. गाडीचे पाय म्हणजे काय काय ते मला दोन महिन्यांत कळलं. ब्रेक झाले, मग स्टेअरिंगचा खेळ निघाला, मग पुढचा दिवा, मग खालचा पत्रा सडलेला, पाय ठेवला की रस्ता दिसायचा. पत्रा मारला, रंग दिला. आपल्या घराचे पत्रे पावसात तीन ठिकाणी गळत होते, मी तीन घमेली लावून झोपत होते, आणि तुम्ही बेगमचं हूड ताडपत्री आणून नवं शिवून घेतलंत. मी विचारलं, आपण गाडीतच राहायला जायचं का? तुम्ही खरंच विचार करायला लागलात.

दर साली मिस्त्री नवीन काहीतरी काढायचा आणि आपल्या घरात दसऱ्याआधी पंधरा दिवस तेच भांडण. पण एक सांगते, माझा पगार तुम्ही कधी त्यात घातला नाहीत. मी पिंगळीच्या शाळेत शिकवायचे, महिन्याला हातात नोटा यायच्या, तुमच्या तोंडून एकदा शब्द निघाला नाही. गाडीनं घराला द्यायचं, घरानं गाडीला न्हाई, हा तुमचा कायदा. बारा वर्षं शेठच्या ओंजळीनं पाणी प्यायलो, आता बायकोच्या ओंजळीनं नको, असं एकदा बोलून गेलात. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि संतापही यायचा. दोन्ही एकदम. आजही तसंच होतंय.

आणि त्या कायद्यामुळं राहिले ते टायर. बाकी सगळं मिस्त्री हातानं करायचा, जुन्यातून नवं काढायचा, पण टायर काही हातानं करता येत नाही. एका टायरला माझा महिन्याचा पगार जायचा. तुमचे चार टायर असे गुळगुळीत झाले होते की त्यात तोंड बघून केस विंचरावेत. पाथरीच्या रोडवर मानवतच्या अलीकडं एकदा मी गाडीत असताना मागचा फुटला. आठ सीटा, एक शेळी, कुणाच्या तरी लग्नाची भांडी. गाडी रस्ता सोडून ज्वारीत शिरली आणि धाटांमध्ये जाऊन उभी राहिली. सगळे उतरले, कुणाला खरचटलं नव्हतं, शेळी तर उतरल्या उतरल्या कणसं खायला लागली. माणसं हसायला लागली, तुम्हीही हसत होता. मला म्हणालात, बघितलं का, ब्रेक कसा लागला. मी हसले नाही. फुटलेल्या टायरपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला बेगमचा हॉर्न वळणावर वाजेपर्यंत मी चुलीपाशी असले तरी माझा कान रस्त्याला असायचा. भाकरी करपायची, तुम्ही म्हणायचात, हिचं ध्यान कुठं असतंय. तिथंच असायचं.

आता ते दुसरं प्रकरण. ते लिहिताना हसू येतंय, पण लिहायलाच पाहिजे, कारण त्यात माझी एक गोष्ट सहा वर्षं सांगायची राहिली.

टायर नसताना तुम्ही पास कसे व्हायचात? तुम्ही सगळे टॅक्सीवाले लबाड. कॅम्पच्या दिवशी सामान फिरायचं. एकाचा खणखणीत हॉर्न चौघांच्या गाडीला लागायचा, एकाचे वायपर पाच काचांवर. औषधाच्या पेटीचं तर विचारूच नका, ती या गाडीतून त्या गाडीत लिंबामागून पळायची. पाथरीचा दगडूबा तुमचा जिवाभावाचा. घरची शेती, वर एक टॅक्सी, आणि ती बेगमच्याच कंपनीची, त्यामुळं चाकाला चाक बरोबर बसायचं. दगडूबानं त्या साली कापसाच्या पैशात चार नवे टायर घेतले होते. तुमचं दोघांचं ठरलं. त्याची चाकं बेगमला, बेगमची त्याच्या गाडीला. तुमची पास झाली की लिंबामागं जाऊन परत फिरवायची, मग त्याची पास.

फक्त एक अडचण होती, दगडूबाची माय. नुकताच दसरा झाला होता. आपण धम्मदीक्षेचा दिवस म्हणून बेगमला पंचरंगी झेंडा लावून वस्तीतल्या पोरांना चक्कर मारून आणली होती. दगडूबाच्या मायनं त्यांच्या गाडीची पूजा केली होती. कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून म्हातारीनं तेलात शेंदूर कालवून चारी टायरांवर पाच-पाच बोटं ओढली होती. ठसठशीत. बुद्धाचं चित्र असलेल्या गाडीला शेंदराची चाकं म्हटल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं.

दगडूबा आदल्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आपल्याकडं आला. तुम्ही दोघांनी चाकं खोलून अंगणात ठेवली आणि मला रॉकेलची बाटली आणि चिंधी दिलीत. तुम्ही म्हणालात, घास, तुझा हात चांगला हाय. मी पदर खोचून बसले. त्याच दिवशी सकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं की माझी भिशी लागलीय, त्यात चार नाही तर दोन टायर तरी येतील, घ्या. तुम्ही कायदा ऐकवलात. मी म्हटलं, फुटला तर? तुम्ही म्हणालात, फुटला तर ज्वारी हाय की. आणि तुम्ही दोघं हसलात.

पहिलं चाक घासलं. दुसरं घासलं. तिसरं असं घासलं की नव्यापेक्षा नवं. चौथं घेतलं आणि माझा हात थांबला. मी विचार केला, उद्या ही चाकं बघून साहेब सही करतील, आणि परवा तुम्ही त्याच गुळगुळीत चाकांवर आठ माणसं घेऊन पाथरीला जाल, वर्षभर, सरकारी कागद खिशात घालून. त्या कागदासाठी मी घासतेय. मी चिंधी पिळली, बाटलीला बूच लावलं, आणि चौथं चाक शेंदराची बाजू भिंतीकडं करून ठेवून दिलं.

विसरले नव्हते हो. हेच सांगायचं होतं. मी ते मुद्दाम ठेवलं.

सकाळी डाव्या अंगाची चाकं दगडूबानं बसवली, उजव्या अंगाची तुम्ही. शेंदूर नेमका डाव्या बाजूला, मागं गेला. दगडूबाचं लक्ष नसेल, तुम्ही त्या बाजूला गेलाच नसाल, असं मी धरून चालले. शाळेला सुट्टी होती, भाकरी बांधून मीही मैदानावर आले. रांग लागलेली. तुम्ही मिशीला तेल लावून उभे. साहेब झेंड्याकडं बघून, चित्राकडं बघून गाडीला फेरी मारायला लागले, उजवीकडून पुढं, पुढून डावीकडं, आणि मागच्या चाकापाशी वाकले.

"गाडीत बुद्ध आणि चाकाला शेंदूर?" ते म्हणाले. "हे कसं जमवलंत?"

मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी थाप माराल, साहेब रागावतील, गाडी परत येईल, झालं. तुमच्या तोंडाकडं बघायची वेळ येईल हे मी धरलंच नव्हतं. सगळे टॅक्सीवाले बघत होते. बारा वर्षं दुसऱ्याची टोपी घातलेला माणूस, स्वतःच्या गाडीपाशी, मान वर करून उभा होता.

"साहेब, गाडी माझी हाय," तुम्ही म्हणालात. "चाकं दोस्ताची हायत."

रांगेच्या शेवटी दगडूबाची गाडी होती तिथं साहेब चालत गेले. तिच्या बॉनेटवर तीच पाच बोटं, खाली आपले गुळगुळीत टायर. मग ते परत आले आणि दुसऱ्या एका गाडीतली औषधाची पेटी उचलून म्हणाले, ही मी सकाळपासून चौथ्यांदा बघतोय, हिलाच एक परमिट देऊन टाकतो. आणि हसायला लागले. तो माणूस हसला म्हणून सगळं मैदान हसलं. पण सही एकालाही दिली नाही. सगळ्यांना पंधरा दिवसांची मुदत, आपापल्या सामानासकट या म्हणाले. अख्खी रांग परत फिरली, आणि जाता जाता जो तो माझ्याकडं बघून म्हणत होता, वैनी, लय भारी घासलंत.

घरी आल्यावर तुम्ही ओट्यावर बसलात. मी पाणी दिलं. तुम्ही सगळं पाणी प्यायलात, तांब्या पालथा केलात आणि म्हणालात, "काढ तुझी भिशी."

चार टायर आले. दोन भिशीचे, दोन पुढच्या दोन पगारांचे. कायदा मोडला म्हणून तुम्ही त्यावर नवा कायदा काढलात: घराचं फेडायचं, पण पैशानं नाही. शनिवारची सकाळची शाळा असायची, त्या दिवशी बेगममध्ये सीट भरायची नाही, फक्त मास्तरीणबाई. सहा वर्षं दर शनिवारी तुम्ही मला पिंगळीला सोडलंत. थंडीत काच वर करून, उन्हाळ्यात हूड मागं पाडून. स्टेशनाच्या अलीकडं हॉर्न द्यायचात आणि शाळेतली पोरं पाटी-दप्तर टाकून रस्त्यावर यायची. त्या वाटेवर आपण जेवढं बोललो तेवढं घरात वीस वर्षांत बोललो नसू. तुम्ही मला गाणी म्हणून दाखवायचात, बेसूर, आणि वर विचारायचात, कसं झालं. मी दरवेळी बाहेर बघायचे. छान व्हायचं हो. तेही सांगायचं राहिलं.

आणि दुसरं काय झालं, तर आपल्या घरात एक नवी म्हण सुरू झाली. भांड्याला डाग राहिला, सदऱ्याची गुंडी राहिली, भाजीत मीठ राहिलं, की तुम्ही बोट दाखवून म्हणणार, बाई, शेंदूर राहिला. पाहुण्यांपुढं. माझ्या मुख्याध्यापकांपुढंसुद्धा. मी दातओठ खायचे आणि गप्प बसायचे, कारण खरं सांगितलं असतं तर तुम्हाला भर मैदानात मान खाली घालायला मीच लावलं हे सांगावं लागलं असतं. तुम्ही घातली नव्हती, पण मी तर तेच केलं होतं. दर साली वाटायचं, यंदा सांगू. मग तुम्ही म्हणायचात शेंदूर राहिला, आणि मी चिडायचे, आणि राहायचं.

आज पास झाल्यावर दगडूबा आणि मी त्या लिंबाखाली बसलो. त्याची स्वतःची गाडी दोन वर्षांमागं भंगारात गेली, माहीतच आहे तुम्हाला, आता बेगम तोच चालवतो म्हणाला. मी भाकरी सोडली, ठेचा काढला. आणि काय वाटलं कोण जाणे, त्याला सांगून टाकलं. म्हटलं, दगडूबा, तो शेंदूर मी विसरले नव्हते, मुद्दाम ठेवला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं, निदान याला तरी सांगावं.

दगडूबा घास हातात धरून माझ्याकडं बघायला लागला. मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला. म्हणाला, वैनी, डाव्या अंगाची चाकं मी बसवली, मला काय दिसत न्हवतं व्हय? माझ्या मायची बोटं ती. मी चिंधी काढली पुसायला. तर तुम्ही तिथं आलात म्हणे, आणि त्याचा हात धरलात.

"म्हनला, राहू दे दगडू. तीन चाकं आरशावानी पुसनारी बाई चौथं इसरत न्हाई. तिनं ठिवलाय तो." दगडूबानं घास खाली ठेवला. "मी म्हनलं, आरं पकडले जाऊ की. तर म्हनला, जाऊ. टायर घ्यायला कारण तरी व्हईल."

अहो.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मिशीला तेल लावून, इस्त्रीचा सदरा घालून, तुम्ही पकडले जायलाच गेला होता. आणि मग सहा वर्षं मला चिडवत राहिलात, माझ्याच तोंडून निघतंय का बघायला. मी इथं सहा वर्षं मनात झुरतेय आणि तुम्ही मुख्याध्यापकांपुढं बोट दाखवताय. तुम्ही आज समोर असता तर मी तांब्या फेकून मारला असता. मी लिंबाखाली इतकी हसले की शेजारचा टॅक्सीवाला विचारायला आला, बाई, बऱ्या आहात ना. सतरा दिवसांत पहिल्यांदा हसले. तुम्ही घरात, उशीवर डोकं ठेवून गेलात, रस्त्यावर नाही, ज्वारीत नाही. तेवढं मला मिळालं. त्या हसण्यात तेही होतं.

घरी आल्यावर पदर खोचला. मैदानाची धूळ लय बसली होती. बेगमची चाकं धुवायला घेतली, चारी आपली, आपल्याच टायरांची. उजवीकडची दोन धुतली. डावीकडची पुढची धुतली, चिंधीनं कोरडी केली.

मागचं डावं चाक तसंच ठेवलंय. मळकं. उद्या शनिवार आहे, दगडूबा सकाळी मला शाळेला सोडायला येणार, तोपर्यंत ते तसंच राहील. आता म्हणा की, काय म्हणायचं ते.